ओलगे ओलगे, सर्व्हर लागले

औशासारख्या लहान गावात बसून काय होतंय, असं कुणी म्हटलं की माझं डोकंच सणकतं. अशा माणसाला मी धरून आमच्या गल्लीत नेतो, शंकरप्पा किराणेवाल्यांच्या घरी. दुकानामागच्या खोलीत, तेलाच्या डब्यांशेजारी, त्यांच्या शिवकन्याचं टेबल आहे. तिथून पोरगी पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. दवाखान्यांत पेशंटचे नंबर लागतात ते त्या सर्व्हरवर.

"पण ते हाईत कुठं?" मी एकदा विचारलं.

"क्लाउडवर, काका. भाड्यानं घेतलेले. कुठल्या गावात हाईत ते मलाबी ठावं न्हाई."

आधी एखादा सर्व्हर अडकला की ही ताटावरून उठायची. अडकलेला बंद कर, दुसरा चालू कर. शेवटी वैतागून तिनं प्रोग्रॅमच लिहिला. अडकलेला आपोआप निघतो, नवा लागतो, गर्दी झाली तर जोडीला आणखी एक येतो. आणि काय केलं त्याचा मेसेज पुण्याच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर जातो.

पुण्याच्या साहेबांचा मात्र भरवसा बसेना. म्हणाले, "एक अख्खा दिवस खुर्ची रिकामी ठेवा. चाललं, तर राहा औशात. पडलं, तर पुण्याला यायचं. दिवस तुम्हीच निवडा."

हिनं निवडली येळवस! वेळ अमावस्येच्या या सणाला आमच्या जिल्ह्यात दुकानाला कुलूप आणि माणूस शेतात. मीही त्यांच्याच शेतात जेवायला होतो. कडब्याच्या पेंढ्यांच्या कोपीपुढं पंगत बसलेली, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढलेली, आणि हिचा फोन वाजला. हात भरलेले, म्हणून हिनं स्पीकरवर घेतला; पुण्याचे साहेब होते.

"मॅडम, हॅक झालंय! स्क्रीनवर परदेशी भाषा येतेय. 'ओलगे ओलगे सालम पलगे'! मी सगळं बंद करायला सांगतोय."

शिवकन्याच्या हातातला बाजरीचा उंडा हातातच राहिला. प्रोग्रॅम तपासताना मेसेजच्या जागी तिनं गमतीनं ही येळवशीची, शेतात आंबील शिंपडताना द्यायची आरोळी लिहिली होती. बदलायची विसरली.

"थांबा सर, बंद करू नका! ते..."

तेवढ्यात शंकरप्पा ज्वारीच्या कडेनं आंबील शिंपडत आले. गडी खड्या आवाजाचा. "ओलगे ओलगे सालम पलगे!"

फोनमध्ये साहेब कुजबुजले. "मॅडम... ते तुमच्याकडंही पोचले?"

"सर, ते माझे अप्पा हाईत!"

पंगत हसून लोळायला लागली. शिवकन्यानं मात्र घाम पुसत सगळं समजावलं. साहेबांनी दवाखान्यांची कामं तपासली. एक सर्व्हर अडकला होता, त्याच्या जागी दुसरा लागलाही होता. एकाही पेशंटचा नंबर चुकला नव्हता.

आता पोरीला जोर आला. "सर, सर्व्हर पडला न्हाई. तुम्हीच पाडायला निघाला होता."

साहेब म्हणाले, "बरं, राहा औशात. पण मेसेज तेवढा मराठीत लिहा."

"मराठीच हाय की सर!"

"कानडी हाय गं ती," तिची आई कमलम्मा पातेल्यामागून म्हणाली.

फोन ठेवला तसे शंकरप्पा आंबिलीचं रिकामं बिंदगं घेऊन टेकले. "कोण होतं?"

"साहेब. पुण्याला यायची गरज न्हाई म्हणाले."

"पुण्याला? कोण चाललं होतं पुण्याला?"

शिवकन्यानं माझ्याकडं बघितलं आणि अख्खा उंडा तोंडात कोंबला.