आवडीची चौकशी

आत्यानं फोनवर विचारलं, "तुला गाणी कंची आवडत्यात गं?" तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे हिला कोणी विचारायला सांगितलं असेल.

आत्या म्हणजे आप्पांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. तिला यवतला दिली आहे. तिचा फोन येतो तो आप्पांना. ऊस कधी तुटणार, आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, खोकला कसा आहे, कोणाचं लग्न जमलं. माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे "अभ्यास करतीस ना?" आणि लगेच "दे आईकडं." कॉलेजला जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळं माझ्याशी काय बोलायचं हे पुष्कळांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांच्याशी नेहमी बोलता येतं असं नाही. पण गाणी?

मी म्हणाले, "अशीच. कोणती पण."

"कोणती पण म्हंजी? येष्टीत कानात बोंडं घालून बसतीस म्हणं."

मी एसटीत काय करते हे हिला यवतला बसून कसं कळलं? मी घाईघाईनं फोन आईकडं दिला.

मी एसटीत काय ऐकते हे मी कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर कॉलेजातल्या मुली हसतील असं वाटतं. मी आमच्या आबांना ऐकते. आमची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची. आता केंदूरला शेती आहे, पण आबांच्या तोंडी ओव्या राहिल्या. चार म्हातारे ढोल घेऊन बसले की आबा कानावर हात ठेवून सुंबरान, म्हणजे देवाच्या नावाची ओवी, मांडतात. मागच्या हिवाळ्यात ते मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलं. त्यात मध्येच शेळी ओरडते, आबा खोकतात, परत तीच ओळ धरतात. कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या गाण्यांवर मला नाचावंसं वाटतं, पण ऐकावंसं वाटतं ते हेच. असं का, ते मला नीट सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात आत्यानं पुन्हा फोनवर मलाच बोलावलं. "पुस्तकं वाचतीस ती कसली गं? परीक्षेची का दुसरी?"

आता मात्र मी सावध झाले.

सावध होण्याचं कारण माझी मामेबहीण. आमच्याकडं स्थळ पसंत पडलं की मुलीला कोणी सरळ विचारत नाही. पाहुण्यांपैकी एखादी बाई मुलीच्या हातावर पेढा ठेवते. तिनं खाल्ला की झालं, पोरीची ना नाही. माझ्या मामेबहिणीचा बारावीचा निकाल त्याच आठवड्यात लागला होता. तिला वाटलं पेढा निकालाचा आहे. तिनं तो खाल्ला, आणि आनंदात दुसराही मागितला. बायका एकमेकींकडं बघून हसल्या. ती आता कारेगावात राहते, नवरा कंपनीत आहे, बरं चाललंय. पण माझ्यासमोर कोणी पेढ्याचा बॉक्स उघडला की माझे हात आपोआप ओढणीत जातात. शिरूरला कॉलेजात मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केकसुद्धा मी कोणी आणला ते विचारूनच खाल्ला होता.

म्हणून पुस्तकांबद्दल मी आत्याला अर्धंच सांगितलं. म्हटलं, "दोन्ही वाचते." खरं असं आहे की कॉलेजच्या लायब्ररीतून मी प्रवासाची पुस्तकं आणते. समुद्रावरची, बर्फातली, जिथं मी बहुधा कधी जाणार नाही तिथली. आणि शेवटचं पान आधी वाचते. लेखकावर माझा तेवढा विश्वास नसतो. माणूस जिवंत घरी पोचणार आहे एवढं कळलं की मग मी निवांत पहिल्या पानापासून सुरू करते. पहिल्यांदा असं पुस्तक घरी आणलं तेव्हा आप्पांनी ते उलटंपालटं करून बघितलं होतं. "परीक्षेला हाय का हे?" "न्हाई." "मग?" या 'मग'ला मी अजून उत्तर शोधते आहे.

एवढ्यानं आत्याचं भागलं नाही. "चुलीवर दूध ठिवून वाचत बसतीस आन् उतू घालवतीस, खरं का?"

मी आईकडं बघितलं. आई ओटा पुसायला लागली. म्हणजे खबर इथूनच जात होती.

तिसऱ्या खेपेला प्रश्न आला, "गोडात काय आवडतं तुला?" तेव्हा मला संशयच आला. कारण हे आत्याला माहीत होतं. मला काकवी आवडते, आणि ती मी पहिल्यांदा खाल्ली तीच तिच्या घरी. त्यांच्या उसाच्या कडेला गुऱ्हाळ आहे. रस आटत आटत गूळ व्हायच्या जरा आधी, कढईतून पळीभर पाक काढतात, तो अजून पातळ असतो, तीच काकवी. तो शिळ्या भाकरीबरोबर खायचा. गुळापेक्षा मला तीच आवडते. मग माहीत असलेलं ती का विचारत होती? जवळ कोणी बसून ऐकत होतं का?

त्याच सुमारास घरी एक गृहस्थ आले. आप्पा त्यांना मामा म्हणाले, पण ते आमचे कोणाचे मामा लागतात ते मला कळेना. आप्पांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. ते बोअरच्या पाण्याबद्दल बोलत होते आणि बघत होते माझ्याकडं. मी अंगणात कानात इअरफोन घालून, पण आवाज बंद करून, कपडे वाळत घालत होते.

"शेवटचं वर्ष न्हवं पोरीचं?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "फुडं पुण्याला शिकायचं म्हणतीय."

"म्हणतेत पोरी. आन् फोनवर कुणाशी बोलती?"

 आप्पांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं की हा प्रश्न त्यांचाही आहे. बऱ्याच दिवसांपासूनचा असावा. मी इअरफोन काढले. पण कोणी मला विचारलंच नव्हतं, तर उत्तर कोणाला द्यायचं?

मामा गेल्यावर आप्पा म्हणाले, "रविवारी यवतला जाऊ. आक्कानं बोलिवलंय." एवढंच. आईनं माझा चांगला ड्रेस इस्त्री करून ठेवला. मी शेवटचं पान आधी वाचणारी मुलगी, मला शेवट कळलाच असं वाटलं. पुण्याच्या कॉलेजात एमएला नाव घालायचं, यवतला आत्याकडं राहून बसनं जायचं, असा माझा विचार होता. पुण्याचं घरी बोलले होते, पण आत्याकडं राहायचं मी अजून कोणाला सांगितलंही नव्हतं. रविवारी हे सगळं संपणार होतं.

मोटरसायकलवर आप्पा आणि मी शिक्रापूर, तळेगाव करत भीमेचा पूल ओलांडून गेलो.  मी मनात एकच ठरवलं होतं, की आज त्या घरात गोड खायचं नाही, कोणी काही म्हणो.

आत्याच्या ओसरीवर ते मामा आधीच बसलेले होते, सोबत मुलाची आई आणि चुलती. मुलगा आला नव्हता. त्याची ड्युटी होती म्हणे. आत्या मला बघून नेहमीसारखी हसली नाही. थेट आत घेऊन गेली आणि माझ्या हातात वाटी दिली. काकवी. ताजी, अजून कोमट.

"खा."

मी वाटी ओट्यावर ठेवली. "नको."

"नको?" तिनं माझ्याकडं क्षणभर बघितलं. "बरं. चल भाईर."

बाहेर मी खाली बघून बसले. मुलाच्या आईनं विचारलं, "सैपाक येतो का पोरीला?" मी तोंड उघडायच्या आत आत्याच बोलली.

"येतो की. पर काय हाय वैनी, हिला वाचायचं लई येड. दूध ठिवती आन् पुस्तक उघडती. दूध जातं चुलीत. फोन लावून इचारा हिच्या आईला."

चुलती म्हणाली, "सवय जाईल लग्नानंतर."

"जाईल की. न्हाई तर तुमच्या चुलीत जाईल," आत्या म्हणाली आणि स्वतःच हसली. "आन् गाणी म्हणाल तर आमच्या आबाच्या ओव्या. दिसभर. कानात घालून. हाक मारली तर ऐकू येत न्हाई, खांद्याला धरून हालवायला लागतं. आन् फुडं पुण्याला शिकायचं म्हणून बसलीय हट्टाला."

माझे कान तापले. मी तिला जे जे सांगितलं होतं, आणि जे सांगितलं नव्हतं तेही, ते सगळं ती या परक्या बायकांसमोर ओतत होती. आबांच्या ओव्यांचं तिला कोणी सांगितलं? ते तर आईलाही माहीत नव्हतं असं मी धरून चालले होते.

मुलाची आई चुलतीकडं बघत म्हणाली, "आमच्यात तर पहाटं चारला उठायला लागतं."

"तवर ही वाचत बसलेली आसती," आत्या म्हणाली.

मामांनी घसा साफ केला. "आक्का, तुम्ही पोरीची बाजू घ्यायची का आमची?"

"मामा, नात्यातलं काम हाय. खोटं सांगून गळ्यात मारली तर उद्या तुम्हीच म्हणाल, आक्कानं फसवलं. मी हाय ते सांगितलं."

 चहा झाला. आत्यानं पेढ्यांचा बॉक्स आणला होता, पण तो उघडलाच नाही. उठताना मुलाची आई म्हणाली, "बघू. कळवतो." आमच्याकडं 'कळवतो' म्हटलं की पुढं कोणी कळवत नाही.

पाहुणे गेल्यावर आप्पा म्हणाले, "आक्का, काय केलंस हे?"

"तुला ना म्हणता येत हुतं का? सांग. मामा आधी माझ्याकडं इचारून गेलं, मग तुझ्या दारात आलं, तू खुर्ची पुसलीस."

"नात्यात वाईटपणा आला आसता."

"म्हणून तर. आता ना त्यांनीच केली. तुझा काय संबंध?" मग ती माझ्याकडं वळली. "आन् तू गं, इचारलं तर धड सांगत न्हाईस. अर्धं तुझ्या आईकडनं काढायला लागलं, अर्धं आबाकडनं. मला खोटं बोलायला जमत न्हाई. खरंच पायजे हुतं."

मी रागावायला हवं होतं की रडायला, ते मला कळलं नाही. म्हणून मी आत गेले. काकवी थंड होऊन घट्ट झाली होती. मी चमचा घातला, आणि तोंडाजवळ नेऊन थांबले. "ह्याच्यात काय न्हाई ना?"

"हाय की," आत्या म्हणाली. "ऊस हाय. खा गुमान." आणि वर म्हणाली, "पुण्याला जाशील तर इथनंच जाशील ना? यवतवरनं बस हाय."

मी वाटी चाटून पुसून खाल्ली. तरी मनात आलंच, की उद्या दुसरं स्थळ आलं आणि ते आत्याला पसंत पडलं, तर माझ्या याच आवडी ती कोणत्या शब्दांत सांगेल? तिनं माझी बाजू घेतली, पण मला न विचारता घेतली. हे मी तिला अजून बोललेले नाही.

परतताना भीमेच्या पुलाच्या अलीकडं आप्पांनी गाडी कडेला घेतली. खाली पाण्यात म्हशी बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "खरंच आबाचं ऐकतीस?"

या घरात सांगितलेलं कुठं कुठं पोचतं हे मी त्याच दिवशी पाहिलं होतं. तरी मी मोबाईल काढला आणि एक इअरफोन त्यांच्याकडं दिला. त्यांना तो कानात नीट बसवता येईना, मग मीच बसवला. ढोल वाजला. शेळी ओरडली. आबा खोकले. त्यानंतर लांबून एक आवाज येतो, "आबा, जेवायला चला की, भाकरी गार झाली." तो आप्पांचाच आहे. मी तो इतक्यांदा ऐकलाय की तो मला ओवीतलाच वाटतो.

आप्पांनी संपेपर्यंत ऐकलं. मग इअरफोन काढून माझ्या हातात दिला.

"गाडीवर घालू नको हे," ते म्हणाले. "मागचा हॉर्न ऐकू येत न्हाई."

गाडी सुरू झाली. मी इअरफोन घातला नाही, मुठीत धरून बसले.