कुंडातले हिरवे

वरूडकडच्या आमच्या गावात महादेवाची पूजा माझ्याकडे होती, त्या वर्षांत पाऊस सतत दगा देत होता आणि संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या. मंदिराचे कुंड तळाला गेले. उरलेल्या पाण्यावर दाट हिरवी साय धरली. फवारणीचे पंप लोक तिथेच विसळत. शेतातले खतही ओघळून तिथेच येई. अमरावतीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई पाणी तपासून म्हणाल्या, "गुरुजी, हे साधं शेवाळ नाही. यात विष आहे. याचं तीर्थ देऊ नका."

उदक हे देवतास्वरूप, ही माझी श्रद्धा आजही अढळ आहे. म्हणूनच मी त्यांचे मानले. गावाने मानले नाही.

तेव्हा बाईंनी अकोल्याहून एक चित्रकार आणले. दुकानांच्या पाट्या रंगवणारे, मुसलमान, वयाने माझ्याएवढे. त्यांनी मांजरपाटाच्या लांब पट्ट्या कुंडात सोडल्या आणि दर आठवड्याला एकेक काढून वाळवली. पहिली पोपटी, शेवटची जवळजवळ काळी. शिवरात्रीला त्या ओळीने सभामंडपात टांगायच्या. पाणी कसे बिघडत गेले ते लोक डोळ्यांनी पाहतील, असे ठरले.

"पंडितजी, म्या तं ब्रशले हातबी नाई लावला," ते म्हणाले. "इतकी सोपी मजुरी पयल्यांदा भेटली."

शिवरात्रीला माणसे मंडपात आली आणि थांबली. बाहेर दूरवर करपलेली माती. आत डोक्यावर हिरवा रंग हलत होता. एका स्त्रीने पट्टीला हळदकुंकू वाहिले. मग रांग लागली. शेतात पुरण्यासाठी कुणी धागे ओढून नेले. बाई समजावत होत्या. त्यांचा आवाज घंटेत बुडाला.

मी टँकरच्या पाण्याने अभिषेक केला. ते घ्यायला कुणी हात पुढे करेना. आमच्याकडे तीर्थ कुंडाचेच. एक म्हातारी तांब्या घेऊन उभी होती. तिची सून गरोदर होती. आधीचे गर्भ टिकले नव्हते.

"महाराज, देवानं इतकं हिरवं देल्लं, अन् तुमी काहून अडवून राहिले?"

"आजी, विष आहे त्यात. सुनेला पाजू नका."

"देवाच्या घरी जहर? तुमचं वय झालं, महाराज."

ती कुंडाच्या पायऱ्या उतरली. मी मागोमाग जाऊन तांब्या धरला. गावातल्या तरुणांनी तो अत्यंत आदराने माझ्या हातून सोडवला, भरला आणि तिला दिला.

काही दिवसांतच सुनेला अमरावतीला न्यावे लागले. ती वाचली, गर्भ राहिला नाही. पाण्यानेच का, असे मी बाईंना विचारले.

"सांगता येत नाही, गुरुजी. आधीचेही गेले होते."

माझे समाधान व्हावे म्हणून त्या खोटे बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. गावाला मात्र शंका नव्हती. पुजाऱ्याने आपल्या हाताने तीर्थ दिले नाही, म्हणून मूल गेले. चित्रकार पट्ट्या उतरवायला आले, तेव्हा लोकांनी त्यांना मंडपाची पायरी चढू दिली नाही. पुढच्या सोमवारपासून पूजा दुसऱ्याकडे गेली. त्याने पहाटेच कुंडात घागर बुडवली.