शनवार तेल्यांच्या गल्लीत

मुंबईत, मांडवीच्या गल्लीत, मी एका सत्तरीच्या म्हाताऱ्याची कॉलर धरून त्याला बंद शटरवर आपटलं. आवाज ऐकून दोन हमाल धावले. त्यांनी मला खाली पाडून बरगडीत लाथा घातल्या.

म्हातारे बेने इस्रायली, मराठी बोलणारे ज्यू. त्यांचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे. शनिवारी घाणा जुंपत नसत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पुढं ते मुंबईत आले आणि याच भागात त्यांनी आपलं पहिलं प्रार्थनाघर बांधलं. सुक्या मेव्याच्या दुकानांमधून, हातगाड्या चुकवत, म्हातारे ते सगळं मला पायी दाखवत होते.

मीही तेलीच, हिंगोलीजवळच्या हट्टा गावाकडचा. आमचा घाणा सोमवारी बंद, महादेवाचा वार म्हणून. एका सोमवारी, ज्याच्या जागेत घाणा होता त्या मालकाच्या घरी लग्नाला तेल हवं होतं. बाप न्हाई म्हणाला. मालकाच्या गड्यांनी त्याला खांबाला बांधून पाठ सोलून निघेपर्यंत चाबकानं मारलं. मी पाहत होतो. पुढं हिंगोलीत स्वतःच्या हिमतीवर तेलाची गिरणी टाकली, ती सातही दिवस चालवतो. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, या तेल्यांना त्यांचा वार कुणी पाळू दिला?

फिरवण्याचे किती घेणार, हे ठरलं नव्हतं. "आज पैशाचं बोलू नका," म्हातारे सकाळपासून म्हणत होते. मला वाटलं, भाव वाढवून राहिले. पाचशेवरून हजारावर गेलो. शेवटी नोटा त्यांच्या हातात कोंबल्या. त्यांनी हात झटकला, नोटा गटारात पडल्या. याला माझ्या हातचं चालत नाही, एवढंच डोक्यात शिरलं आणि मी कॉलर धरली.

हमालांना म्हाताऱ्यांनीच आवरलं. त्यांचा ओठ फुटला होता.

"अहो, शनिवार आहे आज! शनिवारी आम्ही पैशाला हात लावत नाही. आम्ही शनिवार पाळतो हे माहीत असून तुम्ही मला आपटलंत?"

मला तोंड वर करवेना. पायरीवर बसून मी त्यांना बापाचं सगळं सांगितलं.

"मग? घाणा जुंपला वडिलांनी?"

"व्हय. त्याच दुपारी. पाठीतून रक्त गळून राहिलं होतं."

"आमच्यातही कुणीकुणी मार खाऊन जुंपला असेल. त्यांची नावं कोण कोरून ठेवतो?" म्हाताऱ्यांनी रुमाल ओठाला लावला. "वडिलांना कधी विचारलंत त्या दिवसाबद्दल?"

विचारलं नव्हतं. गिरणी सुरू झाली त्या दिवशी, चार माणसांत, मी त्याला भित्रा म्हणालो होतो.