सागाची कांडी आणायला बारामतीला

काल डोळ्याला डोळा लागला न्हाय. लेकराचा ताप रातभर उतरंना, अन् तिकडं गावाला माझा थोरला भाऊ, हणमंतदादा, परवापासनं पाणी न पिता सागाच्या झाडाखाली बसलाय. मी हितं बारामतीच्या दवाखान्यात बसून लिवतीया. शाळा चौथीपतूरच झाली, चुका असत्याल. आमच्याकडनं कुणाला लेकरू घिऊन यायचं झालं तर वाट कळंल म्हणून लिवते, अन् शेवटाला एक काम सांगायचंय.

आमच्या माळावर बिरोबाचं सागाचं झाड हाय. त्याला लोखंड लावत न्हाईत. मेंढरं होती तवाबी आमची माणसं त्याच्याखाली कुऱ्हाड ठिवत नव्हती. तितला दिवा दादाच लावतो. मागल्या आठवड्यात पुण्याचे एक सर आले, मुक्कामाला बारामतीत. लोखंडाचं पोकळ गिरमिट फिरवून त्यांनी झाडातनं पेन्सिलीएवढी कांडी काढली. म्हणले, पाऊस कुणी मोजत नव्हतं तवाचा पाऊस ह्यातनं कळतो. दादानंच व्हय म्हणलं होतं. दोन दिसांनी माझ्या पोराला ताप भरला. गाव म्हणलं, बिरोबा कोपला. दादा झाडाखाली जाऊन बसला. "कांडी माघारी झाडात गेल्याबिगर पाण्याला शिवणार न्हाय."

मालक ट्रकवर, सोलापूरच्या पुढं कुठंतरी. मग पोराला घिऊन कांडी आणायला मीच निघाले. इंदापूर स्टँडवर सकाळची बारामती गाडी धरा, उनाच्या वक्ताची नगं. लेकरू मांडीवर असलं तर पुढं बसा, मागं आदळती. भाकरी अन् उकळलेलं पाणी घरनंच घ्या. कारखाना चालू असला की भवानीनगरला उसाच्या गाड्यांमागं यष्टी अडकती. आमची अशी अडकली की डायवर खाली उतरून चहा पिऊन आला. पोरगं मांडीवर तव्यागत तापलेलं.

शेजारची म्हातारी म्हणली, "दवाखान्यात व्हय गं?"

"न्हाय आजी. झाडाची कांडी आणायला."

"लाकूड आणायला बारामतीला? तुमच्याकडची झाडं पळून गेली का काय?" मग तिनं पोराच्या कपाळाला हात लावला. आपला पदर वला करून त्याच्या कपाळावर ठिवला.

सर सरकारी रेस्ट हाऊसवर उतरलेले. मी दारातनंच म्हणले, "कांडी द्या सायेब, भाऊ मराया बसलाय." त्यांनी पोराला बघितलं अन् जीपची चावी घेतली. "आधी दवाखाना, बाई." डाक्टर म्हणले टायफाईड, पाण्यातनं होतो. सलाईन लावली.

सर दुपारी कांडी घिऊन आले. लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेली, वरनं घासून काचेगत केलेली. माझा जीवच गेला. आता ती झाडात कशी जायाची?

"झाड सालाला एक वळं धरतं," सर म्हणले. "पाऊस बरा झाला तर रुंद, दुष्काळ पडला तर बारीक." त्यांनी भिंग दिलं. एके जागी वळी अशी दाटलेली की केसबी शिरंना. मला आज्जाचं बोलणं आठवलं, मेंढरं उभ्यानं पडली ती सालं. तवा झाडबी उपाशीच होतं.

त्याच्या पल्याड एक काळा डाग होता. मी इचारलं, "हे कीड हाय का?"

"लोखंडाचा डाग. फार जुना. कुणीतरी खिळा ठोकला होता, तो शेजारीच आत असणार. लोखंड लागलं की सागाचं लाकूड असं काळं पडतं."

"आमच्या झाडात खिळा? कोण ठोकंल?"

"ते झाड सांगत नाही. पण पुढची वळी बघा." पुढची वळी बोटानं दाखवता येतील अशी रुंद होती. ती सालं पावसाची गेली.

माझं भ्या गेलं असं मी म्हणत न्हाय. बिरोबाला हात जोडलेच. पण आज सकाळी ताप जरा उतरला, पोरानं दोन चमचं पेज खाल्ली. फोन करावा तर हितल्या सगळ्या लायनी कालपासनं बंद. पोराला सोडून मला निघता येत न्हाय. म्हणून ही कागदं इंदापूरच्या गाडीत देतीया.

ज्याच्या हातात ही पडतील त्यानं पहिला चालू फोन गाठा. आमच्या गावच्या डेरीचा नंबर कागदाच्या मागं हाय. म्हणावं, हणमंतदादाला झाडाखालनं बोलवा. त्याला सांगा, भाच्यानं पेज खाल्ली. सांगा, झाडाच्या पोटात आदीपासनं लोखंड हाय, अन् झाडानं त्याच्यावर लाकूड धरलंय. कांडी येणार न्हाय. धाकटी बहीण म्हणती, दादा, पाणी पी. एवढा फोन करा.