कार्ब्युरेटरला अक्षता

आमच्या सोसायटीत प्रत्येक घराला गाडीची एकच जागा, आणि आमच्या घरात हट्टी पुरुष दोन. मुलगा हिंजवडीला नोकरीला लागला, वर्षभरात त्याने नवी गाडी ठरवली आणि घरात भाऊबंदकी सुरू झाली. कारण खालच्या त्या जागेवर ह्यांची जुनी गाडी बसून होती. ती ह्यांच्या आयुष्यात माझ्याही आधी आलेली, त्यामुळे थोरलेपणाचा मान तिचाच. मी निमूट धाकटीसारखी वागत आले.

"बाबा, विकून टाका हो तो डबा," मुलगा जेवताना म्हणायचा. "नव्या गाडीत पेट्रोल किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो."

"आमच्याकडे हवा ठरवते. हवेला व्हायरस लागत नाही."

झालं! एवढं निमित्त मिळालं की आमटीच्या वाटीशेजारी कार्ब्युरेटर मांडला जायचा. वाटी म्हणजे पेट्रोलची छोटी टाकी, तिच्यात गच्चीवरच्या टाकीत असतो तसा फुगा, पेट्रोल पुरेसं आलं की फुगा वर येऊन नळ बंद करतो. शेजारी हवेचा गळा, मध्येच आवळलेला. आवळलेल्या जागी हवा पळत सुटते आणि पळता पळता वाटीतलं पेट्रोल एका बारीक भोकातून ओढून घेते. ते भोक म्हणजे जेट. जितकी हवा, तितकं पेट्रोल. "आणि वेग वाढला की पेट्रोल हावरटपणा करतं," हे बोट नाचवत सांगायचे, "म्हणून वर हवेची चिमुकली छिद्रं असतात. ती त्याला वेसण घालतात." तोवर माझी आमटी गार झालेली असायची. मला ऐकून ऐकून ते पाठ झालं होतं, अथर्वशीर्षासारखं.

एकदा वाद फारच पेटला तेव्हा ह्यांनीच पैज लावली. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं. कात्रजचा जुना घाट गाडी न थांबता चढली, तर जागा तिची. थांबली, तर गाडी विकणार. मुलाने टाळीसाठी हात पुढे केला आणि मी मनातून गाडीच्या बाजूची झाले. निवृत्त झाल्यापासून ह्या माणसाला सकाळी उठून जायला ठिकाण होतं ते एवढंच. गाडी गेली असती तर हे दिवसभर घरात बसले असते आणि माझ्या फोडणीत किती तेल जास्त पडतं ते मोजत राहिले असते. मला ह्यांचीही काळजी होती आणि स्वतःचीही, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याला मुलाने लॅपटॉपवर झेंडूचं एक फूल ठेवलं आणि पूजा संपवली. ह्यांचं तसं नव्हतं. सोवळं नेसून खाली गेले, बॉनेट उघडलं, वरचं झाकण काढून कार्ब्युरेटर उघडा केला. "बाहेरच्या पत्र्याची पूजा कुणीही करतो," म्हणाले. मग गंध, ओलं कुंकू, हळद, अक्षता. सगळं थेट त्याच्या डोक्यावर.

"आता नैवेद्यही आतच ओता," मी म्हटलं.

"तुला यातलं कळत नाही," हे म्हणाले.

स्वारगेट ओलांडेपर्यंत स्वारी एकदम खूश. कात्रजपर्यंत गाडीने हूं की चूं केलं नाही. हे आरशातून मुलाकडे बघून भुवया उडवत होते. घाट लागला, ह्यांनी पाय दाबला, आणि मागे काळा धूर निघाला. गाडी उचक्या देऊ लागली. मागचा मोटारसायकलवाला "काका, अगरबत्ती विझवा!" असं ओरडून पुढे गेला. दुसऱ्या वळणावर शेवटची उचकी, आणि गाडी गप्प.

हे उतरले, बॉनेट उघडलं, झाकण काढलं. चष्मा घरी राहिला होता, पण ते कबूल करतील तर शपथ! उगाच कान लावून बंद इंजिन ऐकत उभे राहिले. मुलगा नव्या झब्ब्यानिशी आत वाकला. मीही वाकले. हवेच्या त्या चिमुकल्या छिद्रात कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा घट्ट रुतून बसला होता. वेसण गेली होती आणि पेट्रोलने मनसोक्त हावरटपणा केला होता.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. आधी त्याला असं हसू फुटलं की मला वाटलं, आता हा बापाची घाटात वरात काढणार. मग त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे गाडीच्या टपावर हात ठेवून दरीकडे बघत होते. मुलाने नखाने दाणा उपसला आणि गुपचूप खिशात टाकला.

"थांबली," हे म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. उद्या गिऱ्हाईक बघतो." आणि बोलता बोलता हाताने टपावरची धूळ पुसू लागले.

"थांबली कुठे?" मुलगा म्हणाला. "मला मळमळत होतं, म्हणून मीच थांबवा म्हटलं. विचारा आईला."

"म्हटलं की," मी लगेच म्हणाले. "लहानपणापासून घाट लागतो त्याला. तुमचं लक्ष असतं कुठे?"

ह्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझं एकही खोटं ह्यांना पचलेलं नाही. आणि मुलाच्या नखाखाली कुंकू होतं, ते बिनचष्म्याचंही दिसत होतं.

ज्या गाडीच्या चाकाला ह्यांनी कुणाला, अगदी सख्ख्या भावालाही, कधी हात लावू दिला नव्हता, तिची किल्ली ह्यांनी मुलाच्या हातात ठेवली.

"चालव तू. गाडी चालवणाऱ्याला घाट लागत नाही," म्हणाले. "पाय पूर्ण दाबून धर आणि मग किल्ली फिरव. जास्तीचं पेट्रोल हवा घेऊन जाईल."