वॉटीच्या नावावरची पॉपी

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडे, आमच्या ग्लेनार्डीत मेंढ्यांच्या मांसाचा कारखाना होता, तोवर वॉटी मॅकरॉस्टी तिथला नावाजलेला सुरीवाला होता. हाडापेरानं दणकट, हाताला वेग, आणि जीभ सुरीपेक्षा धारदार. मग कारखान्याला टाळं लागलं आणि हा माणूस घरात बसला. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी खुर्ची ओढून दिवसभर बाहेर बघत राहायचा. दाढी वाढलेली, समोरचा चहा गार झालेला. मी शेजारीच राहते, मधे फक्त लाकडी कुंपण. त्याची बायको एल्वा कपडे वाळत घालताना माझ्याशी बोलायची तेही हळू आवाजात, घरात कुणी आजारी असल्यासारखं.

एल्वाच्या पुढच्या अंगणात दरवर्षी पॉपी फुलायची. लाल, गुलाबी, जर्दाळूच्या रंगाची, पाकळ्या अशा की नुकत्याच घडीतून काढल्यात आणि इस्त्री करायची राहिलीय. बी खसखशीएवढं. एका वर्षात उगवायचं, फुलायचं आणि वाळून जायचं, की पुढच्या वर्षी पुन्हा पेरणी. हे सगळं एल्वाच करायची. वॉटी माती खणून द्यायचा, खताची गाडी ढकलायचा, पण ते ती सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढंच.

डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात, आमच्या बागकाम मंडळाचं फुलांचं प्रदर्शन असतं. त्या वर्षी एल्वानं तिची पॉपी मांडलेल्या बाटलीपुढे स्वतःचं नाव न देता वॉटीचं नाव दिलं. आम्हा चौघीजणींना हॉलच्या स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, कुणी काही बोलू नका. पहिल्या नंबरचा कप वॉटीला मिळाला. नाव पुकारल्यावर तो मागच्या रांगेतून उठला, चालत पुढे आला, आणि टाळ्या वाजत असताना त्यानं मान वर केली. कारखाना बंद झाल्यापासून त्याची मान वर झालेली आम्ही तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या दिवशी तो दाढी करून बाजारात आला.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या वर्षीही कप त्यालाच मिळाला, मग त्याच्या पुढच्याही वर्षी. सुरुवातीला तो 'आमची पॉपी' म्हणायचा, मग कधीतरी 'माझी पॉपी' म्हणायला लागला. रस्त्यावरून जाणारा कुणी थांबला, की कुंपणावर कोपर टेकून त्याला माती कशी हलकी हवी, ऊन कसं सकाळचं हवं, हे ऐकवायचा. एल्वाच्या तोंडून ऐकलेली वाक्यं होती ती. ती मागे तण उपटत असायची आणि मान खाली घालून ऐकायची. मला वाटतं, ती मनातून हसत असावी. निदान सुरुवातीची काही वर्षं तरी.

आम्हा चौघींतल्याच नोएलीन डॅलझीलचा दुसरा नंबर ठरलेला असायचा. एका वर्षी बक्षीस घेतल्यावर वॉटी सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "नोएलीन, तुझा हात जड आहे. बी पेरतेस की बटाटे लावतेस?" हॉलमध्ये हशा पिकला. नोएलीनही हसली. एल्वा तेव्हा टेबलापाशी कपांत चहा ओतत होती. तिच्या हातून बशीत चहा सांडला, हे मला चांगलं आठवतं.

एका हिवाळ्यात एल्वा अचानक गेली. सकाळी चूल पेटवायला वाकली ती उठलीच नाही. त्या वर्षीची पॉपी तिनं आधीच पेरून ठेवली होती, ती वेळेवर फुलली. वॉटीनं एकही फूल तोडलं नाही. प्रदर्शनालाही आला नाही, आणि दुःखात आहे म्हणून कुणी विचारलंही नाही.

पुढच्या एप्रिलात, पेरणीच्या तोंडावर, मंडळाची नवी अध्यक्षीण आली, प्रू. डनीडन शहरातून नुकतीच राहायला आलेली, उत्साही बाई. कपावर ओळीनं वॉटीचं नाव कोरलेलं पाहून तिनं ठरवलं, की पेरणीचं प्रात्यक्षिक त्यानंच द्यायचं. नोएलीननं तिला सुचवून पाहिलं की त्याला जरा सावरू दे, पुढच्या वर्षी बघू. प्रूला वाटलं, माणसात आला तर तो सावरेलच. आणि वॉटी हो म्हणाला. नाही कसं म्हणणार होता?

हॉलमध्ये टेबलावर मातीनं भरलेला लाकडी ट्रे ठेवला होता. वॉटी कोट घालून आला, हातात एल्वा बी ठेवायची तो कोकोचा जुना डबा. त्यानं बोटानं मातीत खोल रेघ ओढली, चिमूटभर बी मटार टाकावेत तसं त्यात ओतलं, वरून माती लोटली आणि तळव्यानं थापटली. मग झारीनं भरपूर पाणी घातलं. माती एका कोपऱ्यात वाहून गेली.

ज्यांनी कधी पॉपी पेरली आहे त्यांना ते बघवेना. ते बी वाळूत मिसळून वरच्यावर भुरभुरायचं असतं, झाकायचंही नसतं.

प्रूनं आपलं भाबडेपणानं विचारलं, रोपं दुसरीकडे कधी हलवायची? वॉटी म्हणाला, चार बोटं वाढली की उपटून हवी तिथे लावायची. खरं तर पॉपीची मुळं हलवली की रोप मरतं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कुणी कुणाकडे पाहिलंही नाही. नोएलीन उठली आणि म्हणाली, चहा तयार आहे, चीज रोल गार होतायत.

वॉटीनं तेव्हा आम्हा जुन्या बायकांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं, की आपलं चुकलंय, आणि त्याचं एकीलाही आश्चर्य वाटलेलं नाही.

तो स्वयंपाकघरात नोएलीनच्या मागे आला. मी तिथेच बश्या पुसत होते.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"सगळ्यांना?"

"जुन्या सगळ्यांना. एल्वानंच सांगितलं होतं गप्प राहायला. तू खुर्चीतून उठलास, तिला तेवढंच हवं होतं रे."

"आणि मी तुला हात जड म्हणालो."

नोएलीननं किटलीचं झाकण नीट बसवलं. "म्हणालास खरा," ती म्हणाली.

तो मागच्या दारानं निघून गेला. डबा टेबलावरच राहिला.

त्यानंतर कितीतरी दिवस वॉटी गावात दिसला नाही. किराणा आणायला पार लांबच्या गोर गावाला जायचा, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. मी सूप नेऊन दिलं तर दार किलकिलं करून भांडं घ्यायचा. एकदा मात्र त्यानं मला आत बसवलं आणि सांगितलं. शेवटच्या वर्षी एल्वानं विचारलं होतं म्हणे, यंदा दोघांचं नाव देऊया का? "मी म्हणालो, एवढ्याशा कपावर दोन नावं मावायची कशी? ती हसली आणि किटली भरायला गेली. पुन्हा विषय काढला नाही तिनं." हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. "हॉलमध्ये झालं ते काहीच नाही गं. लोकांपुढे फजिती झाली, होऊ दे. पण तिनं स्वतःहून मागितलं होतं आणि मी थट्टा केली."

मी काय बोलणार? तिनं मनावर घेतलं नसेल, असं म्हणाले. त्याला ते पटलं नाही, मलाही नाही.

पेरणीची वेळ टळत आली तेव्हा तो नोएलीनच्या दारात जाऊन उभा राहिला. मला तिनंच नंतर सांगितलं. दारातच टोपी काढून म्हणाला, मला शिकव. तिनं त्याला आत बोलावून गोंजारलं वगैरे नाही. कोरडी वाळू घेऊन ये म्हणाली, कोकोचा डबा त्याच्या हातात ठेवला आणि त्याच्याच अंगणात त्याला गुडघ्यांवर बसवून पेरायला लावलं. बी जास्त पडलं की म्हणायची, "हलका. अजून हलका."

रोपं दाट उगवली. ती विरळ करायची असतात, पण वॉटीच्यानं एकही रोप उपटवेना. एल्वानं जमवून ठेवलेलं बी होतं ते. फुलं आली ती किडकिडीत, एकमेकांच्या अंगावर रेललेली. प्रदर्शनाला त्यानं ती दिली नाहीत, पण स्वतः आला. कप नोएलीनला मिळाला. टाळ्या थांबल्यावर वॉटी मागच्या रांगेत उभा राहिला. "इतकी वर्षं ती पॉपी एल्वाची होती," तो म्हणाला. "माझी नव्हती." बसून घेतलं त्यानं. कुणीतरी खाकरलं. नव्या लोकांना कळेना काय चाललंय. प्रूनं टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

परतताना मी त्याच्याच गाडीत होते. मला वाटलं, आता मोकळा झाला असेल. तसं विचारलंही.

"सगळ्यांना ठाऊक असलेलं सांगण्यात कसलं आलंय मोकळं होणं," तो म्हणाला. "जिला सांगायला हवं होतं ती नाही." 

दुसऱ्या वर्षी नोएलीननं येऊन त्याच्यासमोर निम्मी रोपं उपटली. उरलेली त्यानं जपली. दंव पडेल त्या रात्री झाकली, गोगलगायी वेचल्या, आणि डिसेंबरात त्या अंगणात एल्वाच्या हाताला शोभेल अशी पॉपी उभी राहिली. एका दुपारी परगावचं एक जोडपं गाडी थांबवून उतरलं. बाईनं कुंपणावरून विचारलं, किती सुंदर आहेत, तुम्ही लावलीत का?

वॉटी कानापर्यंत लाल झाला. "मला नाही त्यातलं काही कळत," म्हणाला आणि मागच्या शेडमध्ये निघून गेला. ती माणसं गाडीत बसून जाईपर्यंत बाहेर आला नाही. त्या वर्षीची पॉपी, पहिल्या बियेपासून शेवटच्या फुलापर्यंत, त्यानं स्वतःच्या हातानं वाढवली होती. मी कुंपणाशीच होते. त्या बाईला मी सांगायला हवं होतं की नाही, अजून ठरवता येत नाही.