दादाच्या ट्रकला टर्बो बसवला तेव्हा

दादा गेला तेव्हा त्याचा ट्रक परभणीला गॅरेजमध्ये होता. त्या दिवशी आमच्या ताडकळसचा बाजार होता. दादा भाजी आणायला गेला, बाजारात खाली बसला आणि उठला नाही. मी शाळेत वर्गावर होतो. निरोप मुख्याध्यापकांनी दिला.

घरात आम्ही दोघे भाऊच. दादाने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. तो ट्रक चालवायचा, मी गावातल्याच शाळेत मराठी शिकवतो. त्याच्या बोलण्यात रस्ते असायचे, माझ्या बोलण्यात पुस्तकं. दोघांचं बोलणं जेवण संपेपर्यंत पुरायचं.

शेवटच्या वर्षात दादाला एकच गोष्ट हवी होती. घाटात आपली गाडी मागे पडू नये. ट्रक जुना, टर्बो येण्याआधीचा. कापसाच्या गाठी भरून घाटाला लागला की काळा धूर सोडत दुसऱ्या गिअरवर यायचा आणि मागचे हॉर्न वाजवत बसायचे. जुन्या इंजिनाला टर्बो बसवता येतो हे त्याला कळलं आणि त्याच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. टर्बो म्हणजे काय, हे त्याने मला जेवताना समजावलं होतं. "लोहाराचा भाता असतो का न्हाई, तसं. इंजिनाला हवा कमी पडायलीय, ती हा आत कोंबतो. फक्त भाता वढायला माणूस लागत न्हाई. बाहेर जाणारा धूरच त्याला फिरवतो."

"म्हणजे टाकाऊ धुराकडून काम करून घ्यायचं," मी म्हणालो.

"बघ, शिकलेल्या माणसाला लवकर कळतंय," तो म्हणाला आणि माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली.

तेराव्यानंतर आतेभावाने विषय काढला. इंजिन उघडलेलं आहे, जुनं सामान परत बसवून घे आणि गाडी विकून टाक. "मास्तर, तुला स्टेअरिंग धरता येत न्हाई. ट्रक ठेवून काय करणार हायस? त्यात बसून पुस्तक वाचणार?" घरात त्या दिवसांतलं पहिलं हसू उमटलं. दादा असता तर तोही हसला असता.

मी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचा हात पुसत पुढे आले.

"तुमचा भाऊ लय डोकं खायचा, सर. रोज फोन. चाचा, झालं का? चाचा, पाईप कुठून घेतला? आता कुणी डोकं खाईना, तर काम सुचंना."

मग म्हणाले, "टर्बोचा मॅनिफोल्ड, नळ्या, सगळं तयार हाय. नको असंल तर जुनंच बसवून देतो."

"दादाने सांगितलं तसंच करा."

"बघा बरं. मग गाडी पहिल्यावानी न्हाई ऱ्हायची."

मी हो म्हणालो. ते चढाबद्दल बोलतायत असं मला वाटलं.

त्यानंतर मी रविवारी गॅरेजमध्ये जाऊन बसू लागलो. घरी बसण्यापेक्षा ते बरं वाटायचं. चाचा काम करता करता बोलायचे. टर्बोला तेलाची वेगळी नळी द्यावी लागते, तेल पोचलं नाही तर खेळ खल्लास. डिझेल वाढवायचं, पण बेतानं, हाडं जुनी आहेत. मी खोक्यावर पुस्तक उघडून ऐकायचो.

"सर, मागच्या आयतवारी बी ह्याच पानावर होतात."

"पान अवघड आहे, चाचा."

"मग आमचं इंजिन बरं म्हणायचं."

काम संपलं त्या दिवशी आमच्या गल्लीतला एक ड्रायव्हर सोबत आला. चाचांनी डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतंच फिरवलं, तेल वर चढेपर्यंत. मग डिझेल सोडलं आणि गाडी सुरू झाली.

दादाची गाडी फाट्यावरून गावाकडे वळली की मला घरात कळायचं. एक जाड खडखड, गिअर बदलताना मधेच ठसका, पुन्हा खडखड. मी पुस्तक मिटून तवा चढवायचो. दादा गेल्यावर तो आवाज मी आठवून पाहिला नव्हता. ट्रक सुरू झाला की तो ऐकू येणारच, असं मी धरून चाललो होतो.

आता खडखड दबली होती आणि तिच्यावर एक बारीक शिट्टी चढत गेली.

"काय शिट्टी मारायलीय!" ड्रायव्हर खूश होऊन म्हणाला.

"भाऊ असता तर नाचला असता," चाचा म्हणाले. ते खरं होतं.

"चाचा, पहिला आवाज?"

"तो गेला, सर. मी बोललो होतो की." पाना उचलत ते म्हणाले, "काढू का परत?"

"नको. त्याला हेच हवं होतं."

पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर गाठी भरून गेला. घाट चढल्यावर त्याने फोन केला. "सर, तिसऱ्यावर चढली! मागं एक बी हॉर्न न्हाई!" मी म्हणालो, बरं झालं. फोन ठेवल्यावर मी उठून दादाच्या खोलीपर्यंत गेलो आणि परत आलो.

ट्रक आता तो ड्रायव्हरच चालवतो. भाडं मिळालं की जातो, परतला की शाळेच्या मागे लावतो. गाडी आल्याचं मला ती दिसल्यावर कळतं.